चौदा गाण्यांचं 'ग्रेटेस्ट हिट्स'

तर झालं असं की, गेल्या शनिवारी संध्याकाळी पनवेल एस.टी. स्टँडसमोर कटिंग पीत उभा होतो. सोबत आमचा एक जुना मित्र. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "कव्हर बघ. कसं वाटतंय?"

काळी पार्श्वभूमी, चार सावल्या, एका सावलीच्या गळ्यात गिटार आणि वर सोनेरी अक्षरांत दोन शब्द: 'ग्रेटेस्ट हिट्स'.

मला आधी वाटलं, हा गंमत करतोय.

"अरे, तुमची गाणी एकूण किती?"
"चौदा."
"आणि ह्यात?"
"आठ."

म्हणजे हिशोब असा: बँडचं पहिलं गाणं २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरातल्या घरात, गोदरेजच्या कपाटात माइक लपवून रेकॉर्ड झालेलं. त्यानंतर आजवर चौदा गाणी. त्यातली आठ आता 'ग्रेटेस्ट', आणि उरलेली सहा... काय म्हणायचं त्यांना? अडगळ? वयाची तिशी न गाठलेल्या चार पोरांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं स्मारक बांधायला घेतलंय आणि मला विचारतायत की संगमरवर कसा वाटतो!

ही कल्पना त्यांच्या डोक्यातून आलेली नाही. त्यांची गाणी ऑनलाइन चढवणारी एक कंपनी आहे, तिथल्या कुणीतरी सुचवलं. नवीन गाणं करायला वेळ आणि पैसा लागतो, जुनी गाणी नव्या नावाने पुन्हा लावायला काहीच लागत नाही. वर 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हटलं की कार्यक्रम ठरवणाऱ्या लोकांवर छाप पडते. व्यवहार म्हणून बिनतोड आहे. म्हणूनच मला त्याचा राग येतो.

पुढे जाण्याआधी माझा स्वार्थ सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मी ह्या बँडमध्ये होतो. ऱ्हिदम गिटार वाजवायचो. नोकरी, शिफ्ट आणि पुण्याच्या फेऱ्या ह्यांत २०२१ साली सुटलो. मी वाजवलेलं शेवटचं गाणं त्या गाळलेल्या सहांमध्ये आहे. तेव्हा मी तटस्थ वगैरे अजिबात नाही. पण माझं म्हणणं ऐकून तर घ्या.

सुरुवात एका अशा गाण्यापासून करू जे तुम्ही शंभर टक्के ऐकलंय. 'हॉटेल कॅलिफोर्निया'. महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात, कुठल्याही फेस्टमध्ये, थर्ड इयरचा एक तरी मुलगा स्टेजवर जाऊन ते वाजवतोच. सूर लागो न लागो, शेवटची दोन गिटारची जुगलबंदी आली की मागच्या रांगेतले मेकॅनिकलवालेसुद्धा माना डोलवतात. (मीही वाजवलंय. व्हिडिओ उपलब्ध नाही, देवाची कृपा.)

आता हे गाणं ज्या ईगल्स बँडचं, त्यांनी १९७१ ते १९७५ एवढ्या काळाचा 'ग्रेटेस्ट हिट्स' संग्रह काढला फेब्रुवारी १९७६ मध्ये. बँडचं वय पाचच्या आसपास, अल्बम चार, संग्रहात गाणी दहा. अमेरिकेत त्या वर्षी विक्रीसाठी 'प्लॅटिनम' हा नवा दर्जा सुरू झाला, तो सगळ्यात आधी ह्याच संग्रहाला मिळाला. २०१८ साली तिथल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने त्याची नोंद ३ कोटी ८० लाख प्रतींएवढी केली, म्हणजे मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्याही वर. ग्रेटेस्ट हिट्स ह्या प्रकाराचा हा एव्हरेस्ट समजा.

आणि त्यात 'हॉटेल कॅलिफोर्निया' नाही!

नसणारच. कारण ते गाणं तेव्हा बाहेरच आलं नव्हतं. तो अल्बम आला डिसेंबर १९७६ मध्ये, दहा महिन्यांनी. एवढंच नाही, ज्या दोन गिटारींच्या जुगलबंदीवर आपली अख्खी पिढी हवेत बोटं फिरवते, त्यातली एक डॉन फेल्डरची आणि दुसरी जो वॉल्शची. हा वॉल्श बँडमध्ये आला तो संग्रह निघायच्या अगदी तोंडावर. म्हणजे तीन कोटी ऐंशी लाखांच्या त्या 'ग्रेटेस्ट'मध्ये तो वाजवतच नाही.

मला सांगा, 'ग्रेटेस्ट' ह्या शब्दाची ह्यापेक्षा मोठी फजिती काय असू शकते? कंपनीने बँडचा हिशोब मांडला, खाली दोन रेघा मारल्या, आणि दहा महिन्यांत कळलं की मोठी रक्कम अजून यायचीच होती.

तुम्ही म्हणाल, मग ईगल्सचं बिघडलं काय? काही नाही बिघडलं, मान्य. पण त्यांच्या मागे पुढचा अल्बम करून घेणारी यंत्रणा उभी होती, स्टुडिओ होता, पोट भरायची सोय होती. आमच्या चौघांपैकी दोघे नोकरी करतात, एक ट्यूशन घेतो आणि ड्रमर वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. त्यांना वेळ मिळतो तो रविवारी दुपारी. त्या दुपारी नवीन गाणं बसवायचं की आठ 'हिट्स' घोटायची, हे त्या सोनेरी अक्षरांनी ठरणार आहे. कार्यक्रमाला पाऊण तास मिळतो, त्यात आठच गाणी बसतात. आयोजक यादी बघून म्हणणार, हीच वाजवा. नवव्या गाण्याला जागा कुठून येणार?

जवळचं उदाहरण घ्या. मुंबईत १९८४ मध्ये रॉक मशीन नावाचा बँड सुरू झाला. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर गिटार वाजवायचा. १९८८ आणि १९९० असे त्यांचे दोन अल्बम आले. कॉलेजच्या पोरांचे ते देव होते असं जुने लोक अजून सांगतात. समजा, १९९० मध्ये कुणी त्यांना म्हणालं असतं की झाले दोन अल्बम, काढा आता ग्रेटेस्ट हिट्स? पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी चक्क नाव बदललं, इंडस क्रीड झाले, आणि १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम आणला. १९९७ ला फुटले, २०१० मध्ये पुन्हा जमले आणि २०१२ ला 'इव्हॉल्व्ह' काढला. मधे सतरा वर्षांचं अंतर! ज्याला स्वतःचं चालू नाव टाकून देता येतं तो खरा तरुण बँड. ज्याने नावावर सोन्याचा मुलामा चढवला त्याला ते टाकवत नाही.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. घाबरू नका, एकच परिच्छेद आहे.

आमच्याकडे 'कॅश' नावाची भानगड असते. (पैशावाली नव्हे. उच्चार तोच, फायदा शून्य.) डेटाबेसमध्ये सगळा माल असतो, पण दरवेळी तिथवर जायला वेळ लागतो. मग जे वारंवार मागितलं जातं त्याची एक प्रत जवळच्या छोट्या फळीवर ठेवायची. मागितलेली गोष्ट फळीवर सापडली की त्याला आम्ही 'हिट' म्हणतो. फळी भरली की ज्याला बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नाही ते खाली फेकायचं. किराणा दुकानदार करतो तेच. पार्ले-जी गल्ल्याजवळ, शिकेकाई माळ्यावर. ह्यात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात: फळीवरचा माल म्हणजे गोदाम नव्हे. फळी पुसली तरी गोदामातून परत भरता येते. गोदाम पुसलं तर संपलं.

ग्रेटेस्ट हिट्स म्हणजे ही फळी. आधी ऐकलं गेलं म्हणून यादीत, यादीत म्हणून पुन्हा ऐकलं जातं, पुन्हा ऐकलं म्हणून यादीत पक्कं. 'हिट' म्हणजे चांगलं नव्हे, 'हिट' म्हणजे नुकतंच मागितलेलं. हा फरक माझ्या टीममधल्या नवीन पोराला कळतो, संगीताच्या धंद्याला कळत नाही. किंवा कळतो, आणि सोयीचा वाटत नाही.

ह्यात मोजणी कशी होते तेही बघा. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते एकदा ऐकलं असं धरतात. आणि २०२४ पासून त्यांचा नियम असा की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. १,००० ही संख्या ऐकायला लहान वाटते. पनवेलच्या मराठी रॉक बँडला विचारा.

इथे मला त्या गाळलेल्या गाण्याबद्दल सांगायलाच हवं.

मित्राच्या आजोबांचं घर उलव्याच्या बाजूला होतं, विमानतळासाठी जी गावं उठली त्यांतल्या एका गावात. इकडे राहणाऱ्यांना माहीत आहे तिथे काय काय झालं. उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडली, नदीचा प्रवाह वळवला, घरं हलली, देवळं हलली. सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजायचा. २०१८ मध्ये एका दुपारी आम्ही दोघे तिकडे गेलो होतो, तेव्हा तो भोंगा मी मोबाईलवर रेकॉर्ड केला. भोंगा, मग शांतता, मग लांबून एक धप्प. आजोबा सोबत होते. धप्प झाल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त कुठल्या बाजूला बघावं हे त्यांना कळेना. पुढे गाणं झालं ते त्या बघण्यावर. त्याची सुरुवातच त्या भोंग्याने होते. चाळीस सेकंद भोंगा आणि शांतता, आणि मग पहिली कॉर्ड.

आलं लक्षात? चाळीस सेकंद! भोंगा ऐकून निम्मे लोक विसाव्या सेकंदाला पुढे सरकतात. तीस सेकंद भरत नाहीत. त्यांनी ते ऐकलंच नाही असं धरलं जातं. वर्षाला हजाराचा आकडा त्या गाण्याने कधीच गाठला नाही. यादीतल्या आठांत पहिल्या नंबरावर आहे ते एक बऱ्यापैकी गोड प्रेमगीत. मला ते आवडतं. पण तसं प्रेमगीत पुण्यातला, नाशकातला, कोल्हापुरातला कुठलाही बँड करू शकतो. भोंग्याचं गाणं फक्त हाच बँड करू शकत होता. त्या टेकडीच्या इतक्या जवळ दुसरं कुणी गिटार घेऊन उभं नव्हतं.

८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. मीही तिथून उडणार आहे, मला कसला सोवळेपणा नाही. पण टेकडी गेली, गाव गेलं, आणि आता गाण्यालाही बँड स्वतःच्याच यादीतून उठवणार? ह्याला काय म्हणायचं? ऐच्छिक पुनर्वसन?

आता तुमचे आक्षेप. पहिला: "नवीन माणसाला दार नको का? चौदा गाणी कोण ऐकणार?" खरं सांगतो, मीसुद्धा निम्म्या बँड्सना संग्रहांतूनच भेटलोय. निवड करण्याला माझा विरोध नाहीच. आपल्याकडे निवडीची परंपरा मोठी आहे. कीर्तनकार तुकोबांच्या साडेचार हजारांच्या आसपास अभंगांतून एक उचलतो आणि रात्र उभी करतो. पण मागे गाथा शाबूत आहे, म्हणून. विंदा करंदीकरांचा पहिला संग्रह 'स्वेदगंगा' १९४९ चा, आणि त्यांच्या निवडक कवितांचं 'संहिता' आलं १९७५ मध्ये. मधे सव्वीस वर्षं. निवड केली मंगेश पाडगावकरांनी, म्हणजे दुसऱ्या कवीने, सगळं वाचून, आणि निवडीखाली स्वतःचं नाव घालून. तिथे वाचकाला भांडायला एक माणूस समोर असतो. "पाडगावकर, ही कविता का गाळलीत?" असं विचारता येतं. मित्राच्या यादीखाली कुणाचं नाव आहे? एका आकड्यांच्या तक्त्याचं. तक्त्याशी काय डोंबल भांडणार!

दुसरा आक्षेप: "बीटल्सनी नाही काढला?" काढला ना. '१' नावाचा, २००० साली, सत्तावीस गाण्यांचा. पण बँड फुटून तोवर तीस वर्षं झाली होती. खातं बंद झाल्यावर ताळेबंद मांडायला हरकत नाही. आणि तिथेही गंमत बघा: निकष एकच, ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिला नंबर. त्यामुळे 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' बाहेर! ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या नंबरावर थांबलं होतं.

तिसरा आक्षेप माझा मीच घेतो, कारण तो खरा अवघड आहे. ओॲसिसचा 'स्टॉप द क्लॉक्स' २००६ चा. अठरा गाणी. त्यांतली चार अशी की जी मूळ सिंगल्सच्या मागच्या बाजूला पडली होती. 'द मास्टरप्लॅन' तर १९९५ मध्ये 'वंडरवॉल'च्या मागे दडलेलं. आणि १९९७ च्या 'बी हिअर नाऊ' ह्या प्रचंड गाजावाजा झालेल्या अल्बममधलं एकही गाणं घेतलं नाही. म्हणजे संग्रहसुद्धा धाडसाने करता येतो, आकड्यांना खुशाल ठेंगा दाखवता येतो. ईगल्सच्या त्या दहांतही 'डेस्परॅडो' आहेच, जे कधी सिंगल म्हणून आलंच नव्हतं. तेव्हा माझं भांडण दोन गोष्टींशी आहे. एक, चालत्या बँडने 'ग्रेटेस्ट' हा शब्द वापरण्याशी. दोन, ती निवड मोजणीयंत्रावर सोपवून स्वतः हात झटकण्याशी.

आता शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

१५ डिसेंबर २०१९. नुकती नोकरी लागलेली, पगारातला मोठा लचका तोडून यू-टूचं तिकीट काढलं होतं. मी आणि हाच मित्र पनवेलहून हार्बर लोकल पकडून नेरूळला उतरलो, डी. वाय. पाटील स्टेडियम. चाळीस वर्षं जुना बँड, भारतात पहिल्यांदा. त्यांना हिट्सचा पाऊस पाडता आला असता आणि आम्ही चिंब होऊन खुशीत घरी गेलो असतो. पण त्या दौऱ्यात त्यांनी १९८७ चा 'द जोशुआ ट्री' हा अख्खा अल्बम वाजवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मूळ क्रमाने. पहिली तीन गाणी सगळ्यांना पाठ. चौथं-पाचवं आल्यावर आमच्या आजूबाजूचे लोक समोसे आणायला निघाले.

सहावं गाणं होतं 'रेड हिल मायनिंग टाउन'. ब्रिटनमधल्या १९८४ च्या खाणकामगारांच्या संपाच्या पार्श्वभूमीवरचं. एका वेळी ते सिंगल म्हणून यायचं होतं, मग मागे पडलं. १९९८ च्या त्यांच्या 'बेस्ट ऑफ'मध्ये नाही. आणि २०१७ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षं, त्यांनी ते एकदाही लोकांसमोर वाजवलं नव्हतं. फळीवरून केव्हाच पडलेलं गाणं. गोदामात होतं म्हणून सापडलं.

ते गाणं चालू असताना मित्र माझ्या कानात ओरडून म्हणाला, "आपल्या टेकडीचं गाणं करूया." भोंग्याचं रेकॉर्डिंग तोवर वर्षभर माझ्या मोबाईलमध्ये पडून होतं. गाणं ठरलं ते तिथे, समोसे आणायला गेलेल्या लोकांच्या रिकाम्या जागेत.

शनिवारी चहा संपता संपता मी त्याला ह्याची आठवण करून दिली. तो गप्प बसला. मग म्हणाला, "तुझं ठीक आहे रे. तू सोडून गेलास. आम्हाला पुढच्या महिन्यात स्टुडिओचं भाडं द्यायचंय."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. भाड्याचा प्रश्न खरा आहे आणि सोडून गेल्याचाही. चहाचे पैसे मी दिले, एवढंच करता आलं.

पण म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही. त्याला मी रात्री मेसेज टाकला तो असा: संग्रह काढायचाच तर काढा, फक्त तीन गोष्टी करा. 'ग्रेटेस्ट' काढून टाका, साधं 'आजवरची' म्हणा. आठ नको, चौदाच्या चौदा ठेवा, ज्या क्रमाने केली त्या क्रमाने. आणि भोंगा पूर्ण चाळीस सेकंद वाजू द्या, एक सेकंदही कापू नका. स्टुडिओच्या भाड्यातला माझा पाचवा हिस्सा मी देतो, कारण त्या गाण्यात ऱ्हिदम गिटार माझी आहे.

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर आलेलं नाही. बघू, रविवारी दुपारी त्यांची प्रॅक्टिस असते. गिटारला नवीन तारा लावून ठेवल्यात.